निधीच्या कॉलेजात माझी चौकशी

माझी नात निधी गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली, आणि तीही परीक्षेत नाही. तिच्या युनिव्हर्सिटीत कंडक्ट ऑफिस म्हणून एक प्रकरण आहे. कुणी कॉपी केली, मारामारी केली, सरांच्या नावाने खोटी मेल पाठवली, की त्याला तिथे बोलावतात. समोर बसून निकाल देणारे तिघेही विद्यार्थीच असतात. निधीला त्या तिघांत बसायचं होतं. निवडीसाठी एक लुटुपुटूची सुनावणी घेतात, त्यात तिने आरोपी मुलालाच तीनदा ‘सॉरी’ म्हटलं, आणि गेलं तिचं नाव. यंदा तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी.

इथे आखातात, आमच्या जनाबियाच्या घरात, महिनाभर आरशासमोर कडक चेहऱ्याचा सराव चालला होता. माझी सून उल्का तिला म्हणाली, “आरशात काय बघतेस, आजीकडे बघ. जमेल.”

त्याच सुमारास सलमानियाच्या इस्पितळात, गुडघेदुखीच्या रांगेत, मला मुस्कान भेटली. ती तिच्या आईला घेऊन आली होती. गप्पांत कळलं की ती त्याच कंडक्ट ऑफिसात अधिकारी आहे. मला म्हणाली, “आंटी, थोडी अ‍ॅक्टिंग करेंगी?” लुटुपुटूच्या सुनावणीत आरोपी व्हायला तिला माणसं हवी होती. ऑफिसातले चेहरे मुलांना पाठ झालेले, त्यामुळे बाहेरचं कुणीतरी हवं होतं. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवलं की झालं.

मी लगेच हो म्हटलं. माझी नात तिथेच परीक्षा देणार आहे, हे मात्र सांगितलं नाही. माझा बेत साधा होता. सुदैवाने निधीच समोर आली, तर मी सुतासारखी सरळ उत्तरं द्यायची आणि पोरीचं काम सोपं करायचं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं इंग्रजीतून तक्रारी ऐकल्या आहेत मी. एक सुनावणी काय जड आहे?

शनिवारी सकाळी घरी सांगितलं, देवळात जाते. ओळखीचा ड्रायव्हर महादेव न्यायला आला होता. तो कणकवलीकडचा.

“आजी, खंय जावचा?”

“युनिव्हर्सिटीत. माझी चौकशी आहे.”

“कसली?”

“माझी असाइनमेंट मैत्रिणीला उतरवायला दिली म्हणून.”

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग सिग्नलला म्हणाला, “मगे तुमचो व्हिसा जातलो काय?”

मुस्कानने मला एक कागद दिला. माझं नाव सारा, वय एकोणीस, बिझनेसचं दुसरं वर्ष. शेजारच्या तीन खोल्यांत तीन सुनावण्या होत्या. माझ्या खोलीचं दार उघडलं, आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीत निधी बसली होती. तोंडावर तो आरशातला चेहरा. मला बघताच तो असा उतरला, की जणू कुणी भिंतीवरून कॅलेंडर काढून घेतलं.

मी तिला ओळख दाखवली नाही. पण कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? आदल्या दिवशी केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. निधीच्या एका बाजूला नावेद नावाचा उंच मुलगा होता, दुसऱ्या बाजूला कश्मिरा. “घ्या, घ्या, नाश्ता झाला नसेल,” मी म्हटलं. नावेदने दोन उचलल्या. कश्मिराने एक घेतली आणि अर्धी ठेवली, म्हणजे डाएटवर असावी. कोपऱ्यात गुण लिहायला बसलेली मुस्कान वहीत तारीख घालत होती, तिचं लक्ष नव्हतं.

निधीने कागद उचलला. पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मधल्याने वाचायचा. “या विद्यार्थिनीला पॅनेलवर कुणी ओळखतं का?”

नावेदने नकारार्थी मान हलवली, कश्मिरानेही. राहिली निधी. मी तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. लहानपणी पाहुण्यांसमोर तिसरा लाडू उचलायला लागली की मी हेच करायची, आणि हात मागे जायचा. ओळखते म्हटलं की उठून जावं लागणार आणि गुण शून्य, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

“मी ओळखते,” निधी म्हणाली. “ही माझी आजी आहे.”

मुस्कानने मान वर केली. “सचमुच की दादी?”

“यस मॅम. आणि पॅनेलने आरोपीकडून खायला घेतलंय, तेही लिहा.”

नावेदचं तोंड भरलेलं होतं. त्याला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

मुस्कानने माझ्याकडे असं पाहिलं, की मला इस्पितळाची रांग बरी वाटली. मग ती निधीला म्हणाली, “नियमाप्रमाणे तुला उठावं लागेल. दुसऱ्या खोल्या सुरू झाल्यात. तुझी परीक्षा आज होणार नाही, आणि पुन्हा घेता येत नाही.”

“खलास,” निधी स्वतःशीच म्हणाली आणि उठली.

उरलेल्या दोघांनी सुनावणी सुरू केली. नावेदने घसा साफ करून विचारलं, “सारा, हे काम तू मैत्रिणीला का दिलंस?”

कागदावर उत्तर होतं. मला ते आठवेना. आठवलं ते भलतंच. एकोणीसशे सत्तर साल, आमच्या तालुक्याचं कॉलेज, प्रिन्सिपॉलची खोली, समोर तीन पुरुष. माझी मैत्रीण रंभा वर्गात नव्हती म्हणून मी आवाज जाड करून तिच्या हजेरीला ‘येस सर’ म्हटलं होतं. नेमकी त्याच वेळी ती सरांच्या खिडकीसमोर उभी राहून आवळे खात होती. आमची हजेरी अशी दोन्हीकडे लागली. त्या तिघांनी मला हेच विचारलं होतं, का केलंस? रंभा बाहेर बदामाच्या झाडाखाली थांबली, आत आली नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एसीच्या गार खोलीत, ती तशीच चिकटली.

“आंटी?” कश्मिरा म्हणाली. “म्हणजे, सारा?”

दाराशी पोचलेली निधी थांबली. “मॅम, विद्यार्थिनीला सोबत आणायची परवानगी असते ना? शेजारी बसायला?”

“असते.”

“नातेवाईक चालतो?”

मुस्कानने नियमांचं पुस्तक चाळलं, मागे गेली, पुढे आली. “नाही चालत असं लिहिलेलं नाही. पण बोलायचं नाही. फक्त चिठ्ठी देता येईल.”

निधीने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. तिने कागदावर काहीतरी लिहून माझ्यापुढे सरकवलं. मोडक्या देवनागरीत लिहिलं होतं, ‘हळू बोल. पुन्हा वडी देऊ नको.’

मला हसू आलं आणि जीभ सुटली. साराची गोष्ट मी नीट सांगितली, थोडी रंभाचीही मिसळली. नावेद आणि कश्मिराने मला ताकीद दिली, वर प्रामाणिकपणावर पाचशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तो मी अजून दिलेला नाही.

परतताना गाडीत निधी खिडकीबाहेर बघत होती. महादेवने विचारलं, “सुटलात काय?” निधी माझ्याकडे वळली.

“आजी, तू डोळे मोठे का केलेस?”

“तुझ्यासाठी केले गं.”

“तिथे येणारं प्रत्येक जण तेच म्हणतं. ‘आय डिड इट फॉर हर.’”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

गुरुवारी यादी लागली. नावेदचं नाव होतं, कश्मिराचं होतं, निधीचं नव्हतं. संध्याकाळी तिला मुस्कानची वेगळी मेल आली. चौकशीला येणाऱ्या मुलांच्या शेजारी बसणाऱ्यांचाही एक गट असतो, त्यात येशील का? निधी माझ्या पलंगाच्या कडेला फोन घेऊन बसली.

“मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचं होतं,” ती म्हणाली. “इकडे बोलायलाही नाही मिळत. निकालात काही फरक पडत नाही. आजी, तेव्हा तुमच्या कॉलेजात तुझ्या शेजारी कुणी बसलं असतं, तर तुला कमी पनिशमेंट मिळाली असती?”

मी खरं तेच सांगितलं. “नाही. सात दिवस कॉलेजबंदी झाली, ती तेवढीच झाली असती.”

“मग काय फरक?”

“त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले असते.”

तिने मेल पुन्हा उघडली. मग ‘यस’वर बोट ठेवलं, आणि फोन उशीवर टाकला.

“पण तू पुन्हा तिकडे यायचं नाहीस,” ती म्हणाली. “मला लेखी दे.”

मी चष्मा लावला आणि लेखी दिलं.