एकही तडा नाही

मिस्त्रीने खुर्चीचा पाय उलटा धरून फळीवर आपटला आणि खाली पडलेला भुसा बोटाने चाचपून पाहिला. भुसा मैद्यासारखा मऊ होता. जुना भुसा करडा पडतो. हा पिवळसर आणि कोरडा होता. म्हणजे आत कोणीतरी अजून जेवत होतं.

समोर शिंपीणबाई हाताची घडी घालून उभी होती. तिच्या शिवणयंत्रापुढची ही खुर्ची मिस्त्रीनेच तीन-चार वर्षांपूर्वी कीड मारून, सांधे बसवून तिला परत दिली होती.

"मी दोष देत नाही मिस्त्री," ती म्हणाली. "पण तुम्हीच म्हणाला होतात, ही खुर्ची आता माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"जगेल की."

"जगतंय काहीतरी आत, एवढं मात्र खरं."

एरवी मिस्त्री हसला असता. त्याने पटाशी लावली, वर हातोडीचा एकच ठोका दिला आणि पायाची एक ढलपी उभी निघाली. आत बोगद्यांचं जाळं होतं. एका बोगद्याच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी अंग मुडपून पडली होती. त्याने ती टोकरून तळहातावर घेतली.

"मेलीय," शिंपीणबाई म्हणाली. तिला हायसं वाटलं असावं.

मिस्त्रीने मूठ मिटली नाही. तो तळहात तसाच धरून उभा राहिला. थोड्या वेळाने, हाताची ऊब लागल्यावर, अळीने अंग सैल केलं आणि ती हळूहळू त्याच्या अंगठ्याकडे निघाली.

"खुर्ची ठेवून जा," तो म्हणाला.

मिस्त्री जुन्या सामानाचा माणूस. पोखरलेलं, सैल झालेलं, कोणीतरी टाकून द्यायला निघालेलं लाकूड हाती आलं की त्याचा चेहरा असा काही खुलायचा की नव्या फळ्या विकणाऱ्याला वाईट वाटावं. किडीवर औषध मारणं त्याला पसंत नव्हतं. लोक त्या खुर्च्यांवर बसतात, लहान मुलं कठडे चाटतात. त्यापेक्षा थंडी बरी. त्याच्या लहानपणच्या मित्राचा बर्फाचा कारखाना होता. सगळे त्याला बर्फवालाच म्हणत. कारखान्याच्या मागच्या अंगाला एकामागे एक अशा तीन खोल्या होत्या. पहिली नुसती गार, दुसरी हुडहुडी भरवणारी, आणि तिसरीत माणूस थोडा वेळ थांबला तर पापण्यांवर बर्फ धरायचा. पोखरलेलं सामान तिसऱ्या खोलीत पुरेसे दिवस राहिलं की आतली कीड मरते, यात नवीन काही नव्हतं.

रीत मात्र मिस्त्रीची स्वतःची होती. उमेदीच्या काळात त्याने एक देखणं कपाट सरळ तिसऱ्या खोलीत ढकललं होतं आणि बाहेर काढलं तेव्हा त्याचं दार वरपासून खालपर्यंत चिरलेलं होतं. त्या कपाटाची मालकीण दाराला हात लावून रडली होती. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. आधी पहिल्या खोलीत काही दिवस, मग दुसरीत, मग कुठे तिसरीत. लाकडाला सवय लावावी लागते, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या एकाही वस्तूला तडा गेला नव्हता, आणि हे तो कोणी न विचारताही सांगायचा.

"माणसांना कधी इतकं जपलं नाहीत," बायको म्हणायची.

थंडीतून काढलेली वस्तू तो काही दिवस आपल्या गार दुकानात काळ्या कापडावर उभी करून ठेवी. कापडावर भुसा पडला नाही, की वस्तू घरी जायला मोकळी. दूर बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या लेकीकडे पाठवलेला पाळणाही तसाच गेला होता. लेक लहानपणी ज्या पलंगावर झोपायची, त्याच्याच लाकडाचा तो पाळणा. पलंगाच्या कडेला दोन-चार भोकं होती, आतल्या अळीचा भुंगेरा होऊन उडून गेला की मागे राहतात तशी, म्हणून पाळणा तिन्ही खोल्यांतून फिरवून आणला होता. तेव्हा दुकानात शिंपीणबाईच्या खुर्चीला लागूनच तो उभा होता.

ते आठवलं आणि मिस्त्रीने हातातली पटाशी खाली ठेवली. दुकान तसंच उघडं टाकून तो कारखान्यावर गेला.

"तुझं यंत्र मध्ये कधी बिघडलं होतं का रे?" त्याने दारातूनच विचारलं.

"बिघडलं असतं तर अख्ख्या गावाने माझ्या नावाने बोंब मारली असती," बर्फवाला म्हणाला. "यंत्राला नावं ठेवू नकोस. तूच माझ्या तीन-तीन खोल्या अडवतोस. लाकूड सरळ आत टाकायचं सोडून त्याचे लाड करत बसतोस."

"सरळ टाकलं की तडकतं."

"तडकतं खरं. माझी नवी माणसंसुद्धा तडकतात. ज्याला पहिल्याच दिवशी तिसऱ्या खोलीत पाठवला, तो दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून मीही तुझीच युक्ती करतो. आधी पहिली खोली, मग दुसरी. महिन्याभरात पठ्ठे तिसऱ्या खोलीत उभे राहून गप्पा झोडतात. हाकलावं लागतं बाहेर."

बर्फवाला आपल्याच बोलण्यावर हसला. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला, पण त्याला ते हसणं ऐकू गेलं नसावं.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "एक लाकूड ठेवायचंय. दोन तुकडे आहेत."

खुर्चीच्या त्या पायाचे त्याने करवतीने दोन भाग केले. दोन्ही सारखेच पोखरलेले. एक त्याने त्याच दिवशी तिसऱ्या खोलीत टाकला. दुसरा आपल्या रीतीने, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेला, आणि तिथे दोन्ही तुकड्यांना सारखाच मुक्काम दिला. मधले दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. बायकोने विचारलं तर पाठ धरलीय म्हणाला.

तुकडे घरी आणून त्याने दिवसभर चुलीजवळ ठेवले आणि मग स्वयंपाकघरातच, ओट्याशेजारी, फोडले.

सरळ आत टाकलेला तुकडा उभा तडकला होता. फट इतकी, की नख आत जावं. त्यातल्या अळ्या तपकिरी, मऊ पडल्या होत्या आणि त्यांना वास येत होता. दुसरा तुकडा अखंड होता. गुळगुळीत, कुठे केसाएवढीसुद्धा रेघ नव्हती. त्यातल्या अळ्या गलेलठ्ठ आणि पांढऱ्याशुभ्र होत्या. पटाशीचं टोक लागताच त्या वळवळल्या.

बायको हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, हे काय घाण घेऊन बसलात इथे?"

"मी यांना शिकवलं," मिस्त्री म्हणाला.

"कोणाला?"

"लाकडाला सवय लावत होतो ना मी. आतली कीडही तिथेच होती. तिलाही लागली सवय. आणि थंडीतून काढून परत गार दुकानात ठेवायचो. गारठलेली कीड खात नाही, मग भुसा कुठून पडणार? कापड कोरं दिसलं की मी खूश."

बायकोने दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही, कारण तिची नजर थेट भिंतीवरच्या फोटोवर गेली. फोटोत बर्फाने झाकलेलं उतरत्या छपराचं घर होतं, दारात लेक आणि जावई. जावयाने ते घर स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, छप्पर लाकडाचं. पहिल्यांदा फोटो आला तेव्हा मिस्त्रीने तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता. इतक्या लाकडात कुठे एक भोक नाही, तिकडच्या थंडीत कीड टिकतच नाही, असं सांगताना त्याला जावयाचा थोडा हेवाही वाटला होता.

"तिकडे तर बर्फ पडतो," बायको म्हणाली.

"बाहेर पडतो. घरात ती माणसं बारा महिने उबेत असतात, आणि कीडही."

"मग सांगा तिला. आत्ताच्या आत्ता."

फोन बायकोनेच लावला. पडद्यावर लेक आली, मागे लाकडी भिंत, भिंतीवर मुलांची चित्रं.

"बाबा? आज दुकान नाही का?"

"पाळणा कुठेय गं?" मिस्त्रीने विचारलं.

"पाळणा? अहो, त्याची तर गंमतच झालीय. तुमची नात आता मावत नाही त्यात, म्हणून शेजारणीला दिला. तिच्याकडून तिच्या बहिणीकडे गेला. आता वरच्या आळीत शाळेतल्या बाईंकडे आहे. इथे ज्याला मूल व्हायचं असेल तो आधी नंबर लावून ठेवतो." ती हसली. "सगळे विचारतात, कोणी केला म्हणून. केवढ्या थंडीतून आला, पण बाबा, एकही तडा नाही त्याला!"

मिस्त्रीला हे वाक्य ऐकायची सवय होती. या वेळी त्याने मान खाली घातली. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा त्याने घसा साफ केला.

"ऐक. तुमच्या घरात पाळणा जिथे ठेवायचीस ना, तिथे भिंतीच्या कडेने एक काळं कापड अंथरून ठेव. दोन-तीन दिवस झाडू नकोस."

"का? कीड होती की काय पाळण्यात?"

"असेल," तो म्हणाला. "असणारच. माझं चुकलं बाळ, फार चुकलं. बाकीच्या घरांनाही सांग."

लेकीने मागच्या भिंतीकडे एकदा वळून पाहिलं. मग आपल्या बापाला धीर द्यावा तशा सुरात म्हणाली, "काळजी करू नका हो. इथे बाहेर श्वास गोठतो. कुठली कीड जगतेय?"

ते दिवस मिस्त्रीने दुकान उघडलं, पण हत्याराला हात लावला नाही. लांबवरच्या त्या घराच्या तुळया एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे येत. त्यांच्याखाली नात झोपत होती. रागही येई, आणि कोणावर काढावा ते न कळून तो पुन्हा तुकडे पाहत बसे.

लेकीचा फोन आला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि बायको धुतलेली भांडी पुसत होती. पडद्यावर आधी काळं कापड आलं. लेकीने ते खिडकीच्या उजेडात दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं, मग उलटून दुसरी बाजूही दाखवली.

"बघा. कणसुद्धा नाही!"

बायकोचा जीव भांड्यात पडला. "बाई गं," ती म्हणाली आणि भांडं हातात घेऊनच खुर्चीवर टेकली. "या माणसाने घास गिळू दिला नाही मला चार दिवस."

मिस्त्रीने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला. कापड खरंच कोरं होतं. कोरं कापड त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, तरी या क्षणी त्यावर विश्वास ठेवावा असं त्याला फार वाटलं.

"आणि बाबा, यंदा थंडी लवकरच सरली. म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात, असं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही चक्क खिडक्या उघड्या टाकून झोपतोय. थांबा हं, तुमच्या नातीला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. सकाळपासून मूठ सोडत नाहीये."

नात धावत आली. तिने इवलीशी मूठ फोनपुढे धरली आणि एकेक बोट उघडलं. तळहाताच्या मधोमध तिळापेक्षा जरासा मोठा, तपकिरी, पाठ फुगीर असलेला भुंगेरा पाय पोटाशी ओढून उताणा पडला होता.

"खिडकीत सापडला," नात म्हणाली. "झोपलाय."

"मेलाय गं तो," लेक म्हणाली. "टाक बरं तो."

"काय आहे हो ते?" बायकोने खुर्चीवरूनच विचारलं.

मिस्त्री फोनवर वाकला. तो नातीच्या हाताकडे बघत होता, त्या गुलाबी, उबदार, जराशा घामेजलेल्या हाताकडे. भुंगेऱ्याने एक पाय बाहेर काढला. मग दुसरा.

"उठला!" नात आनंदाने ओरडली.