उतरणीचा ठोका

डोंबाऱ्याच्या बाईनं हलगी वाजवताना वर बघायचं नसतं. आपल्याच माणसाची नजर आधी लागते म्हणतात. रखमा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं भाकरीच्या आधी हे शिकवलं. दोर बांधलेल्या गाठीवर डोळा ठेवायचा, आणि वरच्याचा पाय खाली टेकला की एक मोठा ठोका देऊन थांबायचं. तो उतरणीचा ठोका. तो ऐकला की दोरावरचा माणूस अंग सैल सोडतो. म्हणून तो चुकून आधी वाजला, तर माणूस गेलाच समजा.

गेल्या वर्षी रबाळ्याला रखमाचा दीर कोंडिबा दोरावरून पडला. एकच कालवा झाला, तिच्या हातातली हलगी गळाली, आणि त्याचा उतरणीचा ठोका राहून गेला तो गेलाच. बारावं-तेरावं रीतसर झालं. पण रखमाच्या मनातून ते जाईना. ठोका नाही, म्हणजे माणूस उतरला कुठं?

तिचा नवरा मधुकर त्यानंतर दोर सोडून तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलायला लागला. तेवढ्यात कोपरखैरण्याचा हरेशशेठ आडवा आला. बापजाद्यांची भातशेती गेली तसा गडी बिल्डर झालेला, आणि हौसेला मोल नाही. दोन नव्या बिल्डिंगांच्या पूजेला त्याला गच्चीवरून गच्चीवर दोर हवा होता. रखमानं हातापाया पडून नको म्हटलं. मधुकर म्हणाला, गोणीखाली मरण्यापेक्षा वर बरं. आता बोला!

पूजेच्या दिवशी उन्हं कलताना तो पलीकडच्या गच्चीवरून निघाला. अलीकडच्या गच्चीवर रखमा हलगी घेऊन गाठीपाशी बसली. दोर थरथरू लागला. एका माणसाची थरथर तिला चांगली ठाऊक होती. ही दोघांची होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात मात्र चालू ठेवला.

थोड्या वेळानं समोर दोन अनवाणी पाय उतरले. पोहोचले बाई एकदाचे, म्हणून तिनं ठोक्याला हात उचलला. आणि तो तसाच राहिला. खाली एवढी माणसं, पण टाळी एक नाही. दोर अजून हलतच होता. तिनं पायांकडे नीट पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता, लहानपणी मोडलेला. कोंडिबाचा.

पाय ठोक्याची वाट बघत उभे होते. तिकडे दोराला हिसके बसू लागले, मधुकरचा तोल जात होता. आता ठोका दिला तर दीर सुटेल आणि नवरा जाईल. रखमानं मान वर केली नाही, ताल मोडू दिला नाही.

"भावजी, जरा दम धरा," ती हळूच म्हणाली. "तुमचा भाऊ अजून वर हाय."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तो वाकड्या अंगठ्याचा पाय पुढं सरकला आणि दोर गाठीपाशी दाबून उभा राहिला. हिसके थांबले.

खालून टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मधुकरचे पाय गच्चीला लागले होते. रखमानं ठोका दिला. मग जीव एकवटून आणखी एक दिला. गाठीजवळ आता कोणी नव्हतं.

मधुकरनं धापा टाकत विचारलं, "दोनदा का गं वाजवलंस?"

"भावजी बी उतरले," रखमा म्हणाली.

त्यानं हातातला तोलाचा बांबू खाली ठेवला. भाऊ गेला तेव्हा न रडलेला तो माणूस त्या गाठीला धरून ढसाढसा रडला.