बंद करून राहिलो

"मॅडम, स्पष्टच बोलतो. ड्रायव्हर तुमच्या वडिलांचा आहे, म्हणून तुम्ही माझी दुरुस्ती अडवताय."

अनय पुण्याहून फोनवर बोलत होता, मी लातूरच्या घरातून. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नव्हतो. तीन आठवडे फक्त मेलवर भांडत होतो.

बाबा नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत. माती तपासायच्या यंत्रातले आकडे संगणकात आणणारी एक डबी त्यांनी बनवली होती. संगणकाला ती डबी ओळखता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तोही त्यांनीच लिहिला होता. ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांना खुली, त्यामुळे दुरुस्ती कुणीही सुचवू शकतो. ती आत घ्यायची की नाही, हे ड्रायव्हर सांभाळणारा ठरवतो. सतरा वर्षं ते बाबांनी ठरवलं. ते वारल्यापासून मी ठरवत होते.

अनयची तक्रार खोटी नव्हती. डबीची वायर लावली की ड्रायव्हर संगणकाकडून थोडी मेमरी मागून घेई. वायर काढली की ती मेमरी परत द्यायला हवी. बाबांचा ड्रायव्हर देत नव्हता. प्रत्येक नमुन्याला वायर काढा, लावा, असं चाललं की मेमरी संपत जाई आणि मशीन, म्हणजे संगणक, अडकून बसे; बंद करून पुन्हा चालू केला तरच सुटे. अनयने मेमरी परत देणारी एक ओळ घातली होती.

"ओळ चुकीच्या जागी आहे," मी म्हटलं. "ठरावीक वेळाने आकडे आणणारा टायमर तिथे अजून चालू असतो. तुम्ही परत दिलेल्या मेमरीत तो आकडे लिहील. मशीन हळू होणार नाही, एकदम बंद पडेल."

"टायमर तिथे बंद झालेला असतो. वडिलांनीच लिहून ठेवलंय. वाचतं का कोणी कॉमेंट?"

कोडशेजारी लिहिलेली ती टीप, कॉमेंट, इंग्रजी अक्षरांत होती, पण मराठीत. टायमर बंद करून राहिलो.

"काय अर्थ लावलात?"

"टायमर बंद केला आणि राहिलो. म्हणजे मोकळा झालो. दुसरा काय अर्थ?"

"तुम्ही आत्ता काय करताय?"

"तुमच्याशी बोलतोय."

"आमच्याकडे त्याला बोलून राहिलो म्हणतात."

त्याने कॉमेंट पुन्हा वाचली. "म्हणजे बंद करतोय. अजून झालेला नाही."

"हो."

"मग कोडमध्ये गावची भाषा कशाला लिहायची? जगात कुणाला कळणार?"

"ते राहू द्या. आधी तुमची ओळ काढा."

"ठीक आहे, माझी ओळ चुकली," तो म्हणाला. "पण मेमरी त्यांनी परत दिलीच नाही, ही चूक आहे की नाही? नव्या दुरुस्तीत तसं लिहायला लागेल. चूक कोणत्या जुन्या बदलातून आली, ती नोंदीची ओळ. ती लिहायला तुमचा हात उचलेल का, तेवढं सांगा."

"उद्या कळवते," म्हणून मी कॉल तोडला.

ती ओळ दुरुस्तीसोबत कायम राहते, सगळ्यांना दिसते. ती उघडली की बाबांचा पहिलाच बदल दिसला असता आणि त्यावर त्यांचं नाव.

सकाळच्या एसटीने नांदेड गाठलं. डबी आणि यंत्र दोन्ही तिथल्याच प्रयोगशाळेत होती. बसवंतकाकांनी दार उघडलं. बाबांच्या हाताखाली ते अटेंडंट होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं.

आधी अनयची दुरुस्ती लावून पाहिली. काका वायर काढत-लावत होते. अकराव्या वेळी पडदा गोठला.

"जिरली का पुण्याच्याची?" काका खूश झाले. "सरांच्या कामात हात घालून राहिला होता."

मग माझी. टायमर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, तो थांबला की मेमरी परत द्यायची. ओळी दोनच. बाबांना ही सोय त्या काळी सापडली नसावी. काकांनी साठ वेळा वायर काढली. प्रत्येक वेळी मेमरीचा आकडा जागेवर येत होता. टायमर आता तिथेच पूर्ण थांबत होता, म्हणून बाबांची कॉमेंट खोटी ठरत होती. मी ती पुसली.

मग अनयने सांगितलेली ती नोंदीची ओळ लिहायला घेतली.

"हे काय लिहून राहिल्या, ताई?"

"चूक कुठून आली ते."

"कुठून आली?"

"बाबांकडून."

काकांनी हातातली वायर टेबलावर ठेवली. "दोन महिने न्हाई झाले सरांना जाऊन. अन् पोरगीच जगाला सांगून राहिली, बापाचं चुकलं म्हणून. लई शिकल्या तुमी."

"त्यांना माहीत होतं, काका. म्हणूनच ते मेमरी परत देत नव्हते. लवकर दिली तर मशीन मरेल, एवढं त्यांना कळलं होतं. पुढचं जमलं नाही."

"माहीत असतं तर बोलले नसते का? तुमाला न्हाई तर मला. रोज सोबत होतो मी."

"मग मशीन कधी अडकली नाही इथे?"

"कशी अडकंल? रोज सकाळी अन् जेवणाच्या सुट्टीत मी बंद करून परत चालू करतो की. सर म्हणायचे, बसवंता, मशीनला बी इसावा लागतो. हे काम तू कुणाला देऊ नको. रजेवर असलो तरी येऊन करून गेलो मी. सतरा वर्षं."

बोलता बोलता त्यांची नजर मशीनच्या बटणाकडे गेली. मी पडद्याकडे पाहत राहिले. मला त्यांच्याकडे पाहायचं नव्हतं.

ओळ पूर्ण केली, दुरुस्ती पाठवली. दहा मिनिटांत अनयचं उत्तर आलं. तपासलं, बरोबर आहे, एवढंच. त्याखाली त्याचं नाव.

घड्याळात दीड वाजला. बाहेर सुट्टी झाली. काका सवयीने उठले, मशीनपाशी गेले आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे वळले.

"आता न्हाई करायचं?"

"गरज नाही, काका."

त्यांनी बोट काढलं. खिशातला रुमाल घेऊन बटणाच्या कडेची धूळ पुसली. मग डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करून जेवायला बसले.