थांबा म्हणायचा हक्क

आमचे हे उंच क्रेन चालवतात. सकाळी शिडीने वरच्या केबिनमध्ये चढतात आणि क्रेन हलवतात ती फक्त खालच्या सिग्नलवाल्याच्या सांगण्यावरून. मालक आला तरी त्याचं ऐकायचं नाही. पण ‘थांबा’ असं कोणीही म्हटलं, तरी हात तिथेच थांबला पाहिजे. हा नियम त्यांनीच मला लग्नानंतर शिकवला. घरात त्याच नियमाने मी त्यांचा मिठाकडे जाणारा हात कितीदा तरी थांबवलाय.

ब्लडप्रेशर जुनंच. यंदा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्यांना धक्का बसायला लागलाय, गोळी चुकवू नका, महिन्याने परत दाखवा. तेव्हापासून ह्यांच्या तोंडाला कुलूप. टीव्ही चालू, लक्ष भलतीकडेच. घुम्यासारखं काय बसायचं ते! आधी मी चिडले, मग घाबरले.

तपासणीच्या दिवशी हे गुपचूप कामावर निघून गेले. धुवायला काढलेल्या शर्टांच्या खिशांतून गोळ्या निघाल्या, कागदात गुंडाळलेल्या. रोज माझ्यासमोर तोंडात टाकल्याचं नाटक करत होते! मी तशीच बांधकामावर गेले.

सिग्नलवाल्याला सगळे शिट्टी म्हणतात. त्याला म्हटलं, "भाऊ, ह्यांना खाली बोलवा."

"वहिनी, तो जेवायलाही उतरत नाही. पाणीसुद्धा पीत नाही. गोळीने सारखी लघवीला होते म्हणे, आणि दरवेळी एवढी शिडी कोण उतरणार? खाली आला की सगळे तब्येत विचारतात, तेही त्याला नको असतं."

क्रेनला लटकलेला सळ्यांचा भारा जमिनीला टेकेपर्यंत कशीबशी थांबले. मग त्याच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला.

"थांबा."

क्रेन थांबली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही त्या माणसाने.

नुसती खरखर. मग आवाज आला, "तू?"

"मीच. गोळ्या सापडल्या. खाली या."

"खाली येऊन काय करू? आज ना उद्या डायलिसिसच. वर निदान कोणी कीव करत नाही."

अख्ख्या साइटने ऐकलं. मला रडूही फुटलं आणि संतापही आला. "कीव कोण करतंय? मी भांडायला आलेय!"

शिट्टी हसला आणि डोळे पुसायला लागला. हे उतरले.

दवाखान्यात सगळं खरं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली. किडन्या पूर्वीसारख्या होणार नाहीत, म्हणाल्या, पण आहेत त्या सांभाळता येतील. मनाच्या डॉक्टरांसाठीही चिठ्ठी दिली.

"मी काय वेडा आहे?" हे उखडले.

"नाही," मी म्हटलं. "पण खचलेला माणूस गोळी खिशात ठेवतो."

ह्यांनी चिठ्ठी घेतली.

बाहेर पडल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा केबिनचं दार उघडून खाली बघत बसलो होतो. बराच वेळ. कोणीतरी थांबा म्हणावं, असं वाटत होतं."

मी भर रस्त्यात त्यांचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.