लोखंडाची टोपडी

गोल्फवाल्यांत एक अलिखित नियम आहे. लांब फटक्याच्या मोठ्या काठीला टोपी घातलेली चालते, पण आयर्नला, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीला कव्हर घातलं की तो माणूस कामातून गेला. मी बावीस वर्षं लोकांच्या बॅगा खांद्यावर वाहतोय, माझंही मत तेच. लोखंडाला काय सर्दी होणार आहे?

आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या सातही आयर्नना मात्र लोकरीची टोपडी होती, तीनपासून नऊपर्यंत; आकडा जितका लहान, तितका त्या काठीने चेंडू लांब जातो. त्यांच्या बायकोने विणलेली, प्रत्येकावर जाड दोऱ्याने भरलेला मोठा आकडा. डॉक्टर मला काठ्यांना हात लावू देत नसत. स्वतःच आकड्यावरून अंगठा फिरवायचे, टोपडं काढायचे, खिशात कोंबायचे, फटका मारायचे, पुन्हा चढवायचे. तेवढ्यात माझी एक डुलकी व्हायची.

त्यांच्या शनिवारच्या चौकडीत एक निवृत्त जज होते. त्यांनी एकदा निकालच देऊन टाकला. "या शनिवारी तुझा-माझा सामना. हरलास तर टोपडी उतरवायची, नाहीतर दुसरी चौकडी शोधायची."

डॉक्टरांनी जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडली, पण बायको गेल्यापासून स्वतःचं तोंड उघडायला त्यांना शनिवारखेरीज जागा नव्हती. ते मुकाट हो म्हणाले.

टोपडी चिखलाने बरबटली होती. सामन्याला जरा बरी दिसावीत म्हणून मी ती घरी नेऊन धुतली. शनिवारी सकाळी, आकडे बघायची तसदी कोण घेणार, हाताला येईल ते टोपडं समोर येईल त्या डोक्यावर चढवलं.

पहिल्या चार होलना डॉक्टरांनी जे केलं त्याला खेळ म्हणवत नाही. चेंडू एकदा झुडपात, एकदा तळ्यात, एकदा तर माळ्याच्या पाठीत. चारही होल जजनी जिंकले. जजसाहेब इतके खूश की माझीही विचारपूस केली.

"हात गेले रे माझे," डॉक्टर मला हळूच म्हणाले. "आता पुरे करावं." मला फार वाईट वाटलं.

पाचव्या होलला त्यांनी अंगठा फिरवून एक काठी उपसली. तिच्या तळाशी कोरलेला आकडा मला दिसला.

"साहेब, हा नऊ आहे."

"सहा आहे," त्यांनी टोपडं पुढे केलं.

"तळाशी बघा की."

त्यांनी काठी नाकापाशी नेली, उजेडाकडे वळवली, आणि जिथे आकडाच नसतो त्या बाजूला डोळे ताणून बघत राहिले. आत्ता माझी ट्यूब पेटली. दर फटक्यानंतर "कुठे गेला रे?" विचारायचे, मी तो साहेबी आळस समजत होतो.

"फक्त हिला माहीत होतं," ते पुटपुटले. "म्हणाली, तुम्ही खेळा, आकडे मी मोठे करून देते."

"काय खलबतं चाललीत?" जज पलीकडून म्हणाले.

"टोपडं अडकलंय," मी म्हणालो.

चालता चालता मी सगळी टोपडी बदलली आणि गुन्हा कबूल केला. डॉक्टरांनी मला एक सणसणीत शिवी दिली आणि पुढचे तीन होल जिंकले. पण चारची भरपाई काही झाली नाही. शेवटच्या, अठराव्या होलवर आम्ही एका होलने हरलो.

चूक माझी, हे जजना सांगायला हवं होतं. पण मग डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. डॉक्टरांनी एकेका आकड्यावरून अंगठा फिरवत टोपडी उतरवली. "पुढच्या शनिवारी माझी वाट बघू नकोस," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी बॅग घेऊन त्यांच्या घरीच धडकलो. बॅगेतल्या प्रत्येक खणाच्या काठाला मी आतून जाड दोऱ्याच्या गाठी शिवल्या होत्या. तीनच्या खणाला तीन, चारच्या खणाला चार. बोटांची चाळण झाली होती.

"अंगठा फिरवा."

ते बराच वेळ मोजत राहिले. "सहाच्या खणाला सात गाठी आहेत."

"असू द्या. सातच्या खणाला आठ आहेत, म्हणजे गोंधळ होणार नाही."

"हिने बघितलं असतं तर उसवायला लावलं असतं तुला," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले, तिथे थांबले.

"माझे बूट कुठे आहेत बघ रे," ते म्हणाले. "मला दिसत नाही."