दात मोडलेल्या किल्लीचा सूड

मी किल्ली बोलतेय. वीतभर लांब, लोखंडाची, आणि आता दात मोडून बोळकी झालेली. दात कसा मोडला तेच सांगायला बसलेय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका, माझ्या पोटात अजून राग आहे.

सफ्रू गावातल्या लोहाराने मला देवदाराच्या एका पेटीसाठी घडवलं. पेटी राखायची, एवढंच माझं काम. पण ती पेटी गेली फकीह सी अब्दलमौलाच्या घरी. ताईत लिहिणारा, मंतरलेलं पाणी देणारा माणूस. सारं गाव त्याला आदराने सीदी म्हणायचं.

कुठे कांदा हुंगवतात, कुठे वहाण. आमच्याकडे कुणाला आकडी आली की त्याच्या मुठीत किल्ली कोंबतात. सीदीने मला गावभर गाजवलं. खरं सांगते, मी आजवर कुणालाही बरं केलेलं नाही. बहुतेक आकड्या थोड्या वेळात आपल्या आपण थांबतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! नाव माझं झालं आणि नजराण्याची, निळ्या कागदातली साखरेची ढेप सीदीच्या घरात आली.

मुठी मात्र मी ओळखायला शिकले. दरीस खाटकाचं अख्खं अंग ताठ व्हायचं आणि मग थडथडायचं. एका विणकर म्हातारीचा नुसता उजवा हात उडायचा, आणि ती शुद्धीवर राहून त्याच्याकडे बघत बसायची. एक सुतार सकाळी उठला की दचकल्यासारखा हात झटकायचा आणि चहाचा पेला भिंतीवर जायचा. सीदीने प्रत्येकाला एकेक जिन्न वाटून दिला होता, कुणाला विहिरीतला, कुणाला न्हाणीघरातला.

मग महजूबा आली, लेकीला घेऊन. गिझलान तिचं नाव, दुधाचे दात नुकते पडलेली. ही पोर पडायची नाही, थरथरायची नाही. बोलता बोलता नुसती थांबायची. डोळे उघडे, पापण्या फडफडताहेत, घास हातात तसाच. थोड्याच वेळात परत यायची, आणि मधे काही झालं हे तिच्या गावीही नसायचं. शाळेत मास्तर ‘झोपाळू’ म्हणून कानाखाली लावायचे. एकदा तर भर गल्लीत अशी थांबली की लादलेलं खेचर अंगावरूनच जायचं.

“सीदी, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे पातळ औषध दिलंय,” महजूबा म्हणाली. “इथोसक्सिमाइड का काय ते. म्हणाल्या, आकडी आकडीत फरक असतो, ज्याचं त्याचं औषध निराळं. रोज द्या, चुकवू नका. पाजू ना?”

“पाज की,” सीदी चहा भुरकत म्हणाला. “फक्त उद्या जिन्न चवताळला तर माझ्या दारात रडत येऊ नकोस. त्या बाईलाच सांग हाकलायला.”

बिचारी घाबरली. बाटली अंगणातल्या मोरीत रिकामी झाली. मग त्या माणसाने मला शेगडीत खुपसलं आणि लाल झाल्यावर गिझलानच्या मानेला टेकवलं. पोर जी किंचाळली! तिची कातडी माझ्या अंगाला चिकटली, ते मी विसरलेले नाही. नंतर मला पाण्यात बुडवलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

मला राखणीसाठी घडवलं होतं, लेकराला डागण्यासाठी नाही. मी तेव्हाच ठरवलं, याचा सूड घ्यायचा. आणि पेटीत काय आहे ते दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला.

पेटीत गोळ्या होत्या. फेनोबार्बिटलच्या. सीदीला तरुणपणापासून आकडी होती, चांगली अंग थडथडवणारी. फेज शहरात पीराच्या दर्शनाला जातो असं सांगून तो तिथल्या डॉक्टरकडून गोळ्या आणायचा आणि रोज दार लावून एक गिळायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

लोखंड तापवून पाण्यात बुडवत राहिलं की ठिसूळ होतं. एका संध्याकाळी त्याने मला कुलपात फिरवलं आणि मी दात आतच सोडला. मुद्दाम सोडला. त्याने सुरीने खरवडून पाहिलं, माझ्या सात पिढ्या काढल्या. कुलूप स्वतः फोडावं तर ठोकाठोकीने शेजारी जमणार. लोहाराला बोलवावं तर पेटीतलं बिंग फुटणार. फेजला जावं तर शुक्रवार तोंडावर, बैठकीला बायका येणार. गोळ्या चुकत गेल्या. ही गोळी एकाएकी सुटली की आकडी दुप्पट जोराने उसळते. मी वाट बघत होते.

शुक्रवारी बैठक भरली. गिझलान आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. सीदीने शेगडीत घालायला मला उचललं, आणि विचित्र ओरडून तोच आडवा झाला.

“किल्ली! अगं, किल्ली द्या त्यांच्या हातात!” बायका ओरडल्या.

त्याच्याच मुठीत मला कोंबलं. मी काही केलं नाही. आजवर कधी केलं नव्हतं, याच्यासाठी कशाला करू? आकडी काही थांबेना.

“पेटीत मोठा ताईत असेल, फोडा!” कुणीतरी ओरडलं. महजूबाने पितळी बत्ता घेतला आणि कुलूप फोडलं. चटईवर गोळ्यांच्या पट्ट्या सांडल्या. तोवर सीदीचं अंग सैल पडलं होतं.

“या तर फेफऱ्याच्या गोळ्या! माझ्या दिराला ह्याच आहेत,” महजूबा म्हणाली. “म्हणजे हे गोळ्यांवर जगणार आणि माझ्या पोरीला डागण्या?” तिने मूठभर पट्ट्या उचलल्या. “ऊठ गिझलान, आजपासून तूही ह्याच खायच्या.”

“नको...” सीदी पुटपुटला. जीभ चावलेली, डोळ्यांत अजून ग्लानी. “तिला ह्या नाही चालत. तिची आकडी वेगळी, टक लागणारी. बाईंनी दिलेलं ते पातळ औषधच...”

महजूबाने हातातल्या पट्ट्या खाली टाकल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं,” महजूबा म्हणाली. “ओतायला लावलंत, तेव्हाही ठाऊक होतं.”

त्या दिवशी महजूबाने मला उचलून नेलं, आणि आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. खाली औषधाची नवी बाटली. गिझलान रोज चमचाभर घेते, तोंड वाकडं करते आणि शाळेत पळते. टक लागणं जवळजवळ थांबलंय. मानेवरचा डाग मात्र गेलेला नाही, म्हणून माझा रागही गेलेला नाही. माणसांनो, कुणी आकडी येऊन पडलं तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आणि थांबेना तर दवाखाना गाठा. त्याच्या मुठीत किंवा दातांत काही कोंबू नका. मला तर नकोच.

परवा सीदी दारात आला होता. आता त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

“महजूबा, माझी किल्ली दे गं. माझी वस्तू आहे ती.”

महजूबाने मला खिळ्यावरून काढलं.

“देते की,” ती म्हणाली. “शेगडी पेटलेलीच आहे. मान वाकवा सीदी, तापवून देते.”

त्याने गल्ली कधी गाठली ते कळलंही नाही. मी तयार होते.