नव्या रंगाखालचा तडा

मित्रांनो, मी एक जुना रीच स्टॅकर आहे. नाव जड वाटले तर सोडून द्या. बंदरालगतच्या आवारात लोखंडी कंटेनर उचलून एकावर एक रचणारे यंत्र, एवढे समजलात तरी पुरे. माझा लांबणारा हात पुढची रांग ओलांडून मागच्या रांगेतला कंटेनर अलगद उचलतो. निदान पूर्वी उचलत असे.

नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर उभे करून फोटो काढत. मग एकोणीस वर्षे ऊन म्हटले नाही, पाऊस म्हटला नाही. तेल गळले की चिंधी आणि कुरकुरलो की शिवी, एवढेच औषध मिळाले. दीड वर्षापूर्वी माझ्या हाताला तडा गेला. वेल्डिंगवाल्याने तो कसाबसा सांधला आणि नवा हात बसवा म्हणून बजावले. मालकांनी या कानाने ऐकले, त्या कानाने सोडून दिले. माझ्या चालकाने मात्र त्या दिवसापासून माझा हात कधी पूर्ण लांबवला नाही.

गेल्या आठवड्यात मला विकायला काढले. तड्यावर पिवळाधमक रंग चढला. केस काळे केलेल्या म्हाताऱ्यासारखा मी दिसू लागलो. मालकांनी चालकाला दटावले, "तड्याचं अवाक्षर काढायचं नाही."

काल एक बाई मला पाहायला आल्या. त्या स्वतःचे छोटे आवार सुरू करणार होत्या आणि मला चालवणार होता त्यांचा धाकटा भाऊ.

"दादा, मागच्या रांगेतला कंटेनर उचलून दाखवता?" त्या म्हणाल्या.

चालकाने आधी पुढचा कंटेनर उचलून बाजूला ठेवला, मला पार जवळ नेले आणि मगच मागचा उचलला. बिचाऱ्याच्या ते लक्षातही आले नाही.

"पुढचा कशाला हलवलात? वरून हात घालायचा ना," बाई म्हणाल्या. "ही सवय तुमची की ह्याची?"

"जुना माणूस आहे, जपून चालवतो," मालक घाईने हसले.

तडा उघडा पडला तर मी भंगारात जाणार, हे चालकाला माहीत होते आणि मलाही. त्याने माझा हात खाली आणला, उतरला आणि खिशातल्या किल्लीने रंग खरवडला.

"ताई, भावाला ह्याच्यावर बसवू नका."

"तुला नसती उठाठेव कुणी सांगितली होती?" मालक कडाडले.

"मालक, खाली माणसं उभी असतात."

बाई त्याचे आभार मानून निघून गेल्या. उद्या मला तोडायला माणसे येतील. चालकालाही दुसरे काम शोधायला सांगितले आहे. "माफ कर रे, गड्या," एवढेच तो मला म्हणाला. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मी फार थकलो आहे आणि कुणाच्या भावाला घेऊन कोसळण्यापेक्षा तुटलेले बरे.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल विका, पण तिचे दुखणे रंगवून विकू नका. आणि दुखणे लहान असते, तेव्हाच त्याच्याकडे बघा. मला वेळेवर नवा हात मिळाला असता, तर आज आम्ही दोघेही कामावर असतो.